रणखांब मॅडम, सहायक

मुलींचा संघ परगावी खेळायला जाणार असेल तर सोबत एक बाई लागते, असा नियम आहे. आमच्या कॉलेजनं मुलींचा बेसबॉलचा संघ काढला तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बॅटी आल्या, ग्लोव्ह आले, क्रीडा विभागाचे शिंगाडे सर प्रमुख प्रशिक्षक झाले, आणि मग विद्यापीठाच्या पत्रकात ती ओळ सापडली. प्राचार्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला रणखांब मॅडम होत्या. त्यांना बोलावून सांगण्यात आलं की आजपासून तुम्ही सहायक प्रशिक्षक.

"कशाच्या?" मॅडमनी विचारलं.

"बेसबॉलच्या."

"बरं. वसतिगृहाच्या किल्ल्या कुणाकडं द्यायच्या?"

"त्या तुमच्याकडंच राहू द्या," प्राचार्य म्हणाले.

मी तिथंच बसलेलो होतो, कारण माझी नेमणूक त्याच बैठकीत झाली. मी भूगोल शिकवायचो. भूगोलवाल्याला फिरायची सवय असते, या तर्कानं मला संघाचा व्यवस्थापक करण्यात आलं. बाहेर आल्यावर मी मॅडमना म्हणालो, "मला या खेळातलं काही कळत नाही." त्या म्हणाल्या, "मग बरंय. दोघांना एकमेकांचं वाईट वाटायचं कारण न्हाय."

सुमन रणखांब मूळच्या बेंबळीच्या. घरची शेती. शाळेत खो-खो खेळायच्या, जिल्ह्याच्या संघात होत्या. लग्न होऊन येडशीला आल्या. नवरा रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर. लग्नानंतर त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, आणि पदवी हातात आली त्या सुमारास शिक्षकांची भरती बंद झाली. मग तुळजापूरकडच्या एका शाळेत त्या लागल्या. तिथं कवायत, हिंदी आणि दुपारची खिचडी अशी तीन खाती त्यांच्याकडं होती. खिचडी सगळ्यांत चांगली शिकवली, असं त्या सांगायच्या. ती शाळा बंद पडली. पुढं एका ठिकाणी कबड्डी, एका ठिकाणी बॉल बॅडमिंटन, मग आमचं वसतिगृह. भरती पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांचं वय निघून गेलं होतं. हे सगळं त्या एसटीचे थांबे सांगावेत तसं सांगायच्या.

कुठंही ओळख करून द्यायची वेळ आली की म्हणायच्या, "मी सहायक." कुणाच्या, ते सांगत नसत.

शिंगाडे सरांनी पुण्याला एक शिबीर केलं होतं आणि तिथून नियमांचं जाड बाड आणलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मैदानावर तासभर नियम समजावले. मुलींनी माना डोलावल्या. सर पाणी प्यायला गेल्यावर मॅडमनी मला विचारलं, "आउट कशानं होतं तेवढं कळलं का तुम्हाला?"

"नाही."

त्या सरांकडं गेल्या. "सर, पळणारीला कशाकशाची बंदी हाय, तेवढं सांगा. बाकीचं खेळता खेळता कळंल." सरांनी सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून संघाचं पळणं त्यांच्याकडं आलं.

बेसबॉलमध्ये चार टप्पे असतात, त्यांना बेस म्हणतात. चेंडू मारून किंवा संधी साधून एका बेसवरून दुसऱ्यावर पळायचं. मध्येच समोरच्या संघातल्या कुणी चेंडू हातात घेऊन अंगाला लावला तर आउट. मॅडमच्या दृष्टीनं हा सरळसरळ खो-खो होता, फक्त मैदान उगाच मोठं केलेलं. त्यांनी मुलींना हुलकावणी शिकवली, सूर मारायला शिकवलं. बेस म्हणून खताच्या गोण्यांत भुसा भरून ठेवला होता. मुली त्यावर इतक्या जोरात पडायच्या की दर आठवड्याला नवा भुसा भरावा लागायचा.

पहिली स्पर्धा जालन्याला होती. आमच्या मुली बेसकडं पळाल्या, चेंडूवाली समोर आली, आणि त्या अशा काही वळसे घालून निघाल्या की चेंडूवालीला त्या शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. एक तर जवळजवळ प्रेक्षकांतून फिरून आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अंपायरनी सगळ्यांना आउट दिलं.

शिंगाडे सर वाद घालायला निघाले. मॅडम त्यांच्या आधी पोचल्या. त्यांनी वाद घातला नाही. "किती फूट चालतं?" एवढंच विचारलं.

"सरळ वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन तीन फूट," अंपायर म्हणाले.

"तीन?"

"हो, तीनच."

"लई झालं," मॅडम म्हणाल्या आणि परत आल्या.

आम्ही तो सामना हरलो. परत आल्यावर मॅडमनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं पट्टा आखला आणि महिनाभर मुलींना त्याच्या आत पळवलं. पुढच्या वर्षी त्याच अंपायरनी आमच्या मुलींकडं डोळे बारीक करून पाहिलं, वाकून जमीन पाहिली, आणि कुणालाच आउट दिलं नाही.

मॅडमचं सगळंच बरोबर यायचं असं नाही. फलंदाजीतलं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जोरात मार, म्हणायच्या. चुकला की, अजून जोरात मार. हळद आणि तुरटी सगळ्यावर चालते असा त्यांचा समज होता. एकदा एका मुलीला ताप होता, तिलाही तुरटी लावायला निघाल्या होत्या. पिचरला त्या 'टाकणारी' म्हणायच्या आणि कॅचरला 'झेलणारी'. मुलींची नावं त्यांना पाठ होती, पण मैदानात एकदा आल्यावर नावानं हाक नाही. सामना चालू असताना त्या कधी बसल्या नाहीत आणि टाळी कधी वाजवली नाही. मुलीनं फारच चांगलं काही केलं तर "बरं" म्हणायच्या. वाईट केलं तर "असू दे." मुली त्या "असू दे"ला इतक्या घाबरायच्या की शिंगाडे सरांच्या ओरडण्याचं त्यांना काही वाटेनासं झालं. याचं सरांना थोडं वाईट वाटायचं. तसं त्यांनी मला सांगितलंही होतं.

संघातली टाकणारी होती कोमल. ढोकीची. तिचे वडील, भागवतराव, ट्रॅक्टरवर होते. हंगामात कारखान्याला ऊस वाहायचे. तसला हात कोमलनं कुठून आणला होता कोण जाणे. चेंडू तिच्या हातातून सुटलेला दिसायचा आणि मग थेट झेलणारीच्या ग्लोव्हमध्ये वाजायचा. मधला भाग आम्हाला दिसायचा नाही. पण पहिल्या स्पर्धेनंतर वडिलांनी निरोप पाठवला की आता बास, पोरगी परगावी मुक्कामाला जाणार नाही.

शिंगाडे सर म्हणाले, आपण जाऊन समजावू. त्यांनी मुलींच्या खेळाचं महत्त्व या विषयावर बोलायची तयारी केली. आम्ही तिघं ढोकीला गेलो. भागवतराव दारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर बघत होते. घरात घेतलं, चहा आला. सर बोलले. चांगलं बोलले. भागवतरावांनी सगळं ऐकलं आणि मॅडमकडं वळून विचारलं, "बाई, तुम्ही सांगा. ह्या खेळातनं माणसाला मिळतं काय?"

"मला सहायकपद मिळालं," मॅडम म्हणाल्या.

"त्यात काय भागतं का?"

"न्हाय."

भागवतराव सरांकडं बघायला लागले. सर चहाकडं बघायला लागले.

"मग मी पोरगी कशाला धाडू?" भागवतराव म्हणाले.

"नका धाडू. घर तुमचं, पोरगी तुमची. फकस्त न्हाय म्हणायचं ते तुम्ही तिला म्हणा. मी निरोप न्यायची न्हाय." आणि त्यांनी आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "कोमल, बाहेर ये. वडील काय म्हणतेत ऐक."

कोमल बाहेर आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून उभी राहिली. भागवतरावांनी तिच्याकडं पाहिलं. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, ते ऐकण्यात आम्ही सगळे गुंतलो.

"किती दिवसांचं असतं?" शेवटी त्यांनी तिला विचारलं.

"चार दिवसांचं, दादा."

"बाई सोबत असत्यात का?"

"असतेत."

"मग जा," ते म्हणाले आणि टायर बघायला उठून गेले.

परतताना सर म्हणाले, "माझ्या बोलण्याचा थोडा परिणाम झाला असावा." मॅडम म्हणाल्या, "झाला की."

पुढचं सांगायचं तर दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेचं सांगावं लागतं. तीही जालन्यालाच होती. आमचा संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. कोमलनं लागोपाठ सामन्यांत चेंडू टाकले होते. अंतिम सामना बघायला निवड समितीची माणसं येणार होती, आणि कोमल विद्यापीठाच्या संघात जाणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. कॉलेजातून तोवर कुणीच त्या संघात गेलं नव्हतं.

आमचा मुक्काम एका शाळेत होता. सकाळी मुली व्हरांड्यात बसून वेण्या घालत होत्या. कोमल आपली वेणी दुसरीकडून घालून घेत होती. मॅडम पाण्याची कॅन भरून येत होत्या, त्या थांबल्या.

"रोज आपली आपण घालतीस ना गं?"

"सहज, मॅडम."

"हात वर कर."

कोमलनं उजवा हात वर केला. कानापर्यंत आला.

"अजून."

"दुखतंय थोडं. होईल कमी."

मॅडम कॅन घेऊनच आमच्याकडं आल्या. मी आणि शिंगाडे सर चहा पीत होतो.

"कोमल आज टाकणार न्हाय," मॅडम म्हणाल्या. "हात कानाच्या वर जाईना तिचा."

सरांनी कोमलला बोलावलं. ती म्हणाली, "काही नाही सर, आखडलंय थोडं. मी टाकते." तिला हाच सामना खेळायचा होता, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"बघा," सर म्हणाले. "मॅडम, मी माझ्यासाठी म्हणत नाही. आज तिनं टाकलं तर पोरीची निवड होते. पुन्हा असा दिवस येईल न येईल. तिच्यासाठीच म्हणतोय."

"मी बी तिच्यासाठीच म्हणते."

"तुम्ही सहायक आहात, मॅडम." सर हे चिडून म्हणाले नाहीत. त्यांना फक्त विषय संपवायचा होता.

"व्हय," मॅडम म्हणाल्या आणि कॅन ठेवायला गेल्या.

मैदानावर मुली पळून अंग मोकळं करत होत्या. मॅडम कोमलजवळ गेल्या आणि म्हणाल्या, चल, खांद्याला पट्टी बांधून आणू, पाच मिनिटांत येऊ. त्यांनी आपली पिशवी माझ्याजवळ ठेवली. दोघी फाटकाबाहेर गेल्या. मी पाहिलं, त्या रिक्षात बसल्या. पट्टीला रिक्षा कशाला, असं माझ्या मनात आलं, पण मी भूगोलाचा माणूस.

सामना सुरू व्हायची वेळ झाली. सर टाकणारीला शोधू लागले. त्यांनी मॅडमना फोन लावला. फोन माझ्या मांडीवरच्या पिशवीत वाजला. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फोन बंद केला. अंपायरनी आवाज दिला, आणि एरवी लांब उभं राहून चेंडू अडवणाऱ्या भाग्यश्रीला सरांनी चेंडू टाकायला उभं केलं. भाग्यश्रीनं जमेल तसं टाकलं. समोरच्या मुलींनीही जमेल तसं मारलं, आणि त्यांना चांगलं जमत होतं.

दोघी परत आल्या तेव्हा शेवटचा डाव चालू होता. निवड समितीची माणसं गाडीत बसत होती. कोमल फाटकाजवळच्या दगडावर बसली आणि तिथंच रडली. भाग्यश्री तिच्याकडं जायला निघाली तर मॅडम म्हणाल्या, "तू खेळ." स्वतःही त्या तिच्याजवळ गेल्या नाहीत. नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि सामना संपेपर्यंत बघत राहिल्या.

शिंगाडे सर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या गाडीत कोमल सगळ्यांत पुढं बसली, मॅडम सगळ्यांत मागं. मॅडमनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून पुढं पाठवली. मुलींनी ती हातोहात कोमलपर्यंत नेली आणि तशीच हातोहात परत आणली. मॅडमनी ती खाल्ली. मी त्यांच्या शेजारी होतो.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"सूज हाय. तीन आठवडे आराम सांगितलाय."

"म्हणजे फार नव्हतं."

"फार न्हाय म्हणाले. आज टाकलं असतं तर वाढलं असतं का, म्हणून मी इचारलं. तसं सांगता येत न्हाय म्हणाले."

"मग?"

"मग काय सर. मला बी सांगता येत नव्हतं. म्हणून तर नेलं."

मला वाटलं, यांचंही कधीतरी असंच झालं असणार. दुखऱ्या पायावर कुणीतरी खेळवलं असणार, त्यात खेळ सुटला असणार. मी तसं विचारलं.

"न्हाय ओ," मॅडम म्हणाल्या. "मला काय बी झालं नव्हतं. लगीन ठरलं म्हणून सुटला."

कॉलेजात आल्यावर सरांनी लेखी तक्रार दिली. प्राचार्यांनी आम्हा तिघांना बसवलं. मला विचारलं, मी जे पाहिलं ते सांगितलं. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "सर म्हणतेत ते खरं हाय. मी सांगून नेलं असतं तर ती आली नसती." प्राचार्य म्हणाले, "पण तुम्हाला तसा अधिकार नव्हता." त्या म्हणाल्या, "नव्हता." त्यांची नेमणूक वर्षावर असायची. जूनमध्ये ती पुढं वाढली नाही. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला, कुठली किल्ली कुठली ते सांगितलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नळाचं वायसर बदलायला झालंय हेही सांगितलं.

जुलैत भागवतराव कॉलेजात आले. त्यांना मॅडम हव्या होत्या. मी म्हणालो, त्या आता इथं नसतात. ते बाकावर बसून राहिले.

"दवाखान्यातनं मला फोन केला होता बाईंनी," ते म्हणाले. "डॉक्टरच्या फोनवरनं. म्हणाल्या, पोरगी माझ्या भरवशावर धाडली तुम्ही, म्हणून कळवते. तिला फसवून आणलंय, ती रागावणार, तुम्ही बी रागवा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी रागावलोच होतो. पोरगी महिनाभर बोलंना झाली घरात. आता म्हणलं भेटून यावं."

कुठं भेटतील ते मी सांगितलं. ते गेले का, मला माहीत नाही. ऊस लागवडीचे दिवस जवळ आले होते.

मॅडम गेल्यावर पुढच्या वर्षी संघासोबत ग्रंथालयातल्या बाई गेल्या. त्यांना गाडी लागायची. त्याच्या पुढच्या वर्षी सोबत जायला कुणी मिळालं नाही आणि मुलींचा संघ बंद झाला. कोमल त्या मधल्या वर्षात खेळली, चांगली खेळली. निवड समितीची माणसं त्या वर्षी दुसऱ्या गटाच्या सामन्यांना गेली होती. विद्यापीठाच्या संघात ती कधीच गेली नाही. पदवी झाल्यावर तिनं पोलीस भरतीची तयारी केली. भरतीत गोळा फेकावा लागतो. तिनं फेकला आणि ती लागली.

पेढे घेऊन ती कॉलेजात आली होती. शिंगाडे सरांच्या पाया पडली, मला पेढा दिला. जाताना दारात थांबली.

"रणखांब मॅडम आता कुठं असतात, सर?"

"येडशीला. तिथल्या शाळेत मुलींना खो-खो शिकवतात म्हणे."

"पगारावर?"

"तसं ऐकलं नाही."

तिनं मान हलवली. पेढ्यांचा एक पुडा अजून उघडलेला नव्हता, तो पिशवीत नीट सरळ केला आणि गेली.

ती गेल्यावर शिंगाडे सर बराच वेळ वर्तमानपत्र धरून बसले होते. मग म्हणाले, "त्या दिवशी हात खरंच वर जात नव्हता का हो तिचा?"

"कानापर्यंत जात होता."

"मी हात वर करायला लावून बघायला पाहिजे होतं," ते म्हणाले. घंटा झाली आणि ते तासावर गेले. सर वाईट माणूस नव्हते. पुढं त्यांनी मुलींसाठी पुन्हा संघ सुरू करावा म्हणून दोनदा अर्ज केला. सोबतीला बाई कोण, असं दोन्ही वेळा विचारण्यात आलं.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. रामलिंगाच्या दर्शनाला जाऊन मोटारसायकलवर परत येत होतो. येडशीत शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खो चालला होता, म्हणून गाडी कडेला लावली. मधल्या पाटीवर ओळीनं मुली बसल्या होत्या, एक पाठलाग करत होती, आणि पळणाऱ्यांत एक जण कमी पडत असावी, कारण पळत होत्या त्या रणखांब मॅडम. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली, पायात कॅनव्हासचे बूट, केस बऱ्यापैकी पांढरे. इतक्या वर्षांत मी त्यांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. त्या जोरात पळत नव्हत्याच. पाठलाग करणारी जिथं हात घालायची तिथून त्या नुकत्याच निघालेल्या असायच्या. दोन मुलींच्या मधून गेल्या, खांबाला हात लावून वळल्या, अर्ध्यात थांबल्या, आणि मुलगी पुढं निघून गेली. बसलेल्या मुली खो खो ओरडत होत्या, उठत होत्या, पुन्हा बसत होत्या.

त्यांनी मला पाहिलं. पळता पळताच हात वर करून थांबा म्हणून खूण केली. मला त्यांना विचारायचं होतं, कोमल येऊन गेली का. म्हणून मी थांबलो. कुंपणाशी उभा राहिलो. त्यांचा डाव काही संपेना. दुसरी मुलगी पाठलागाला आली, तिसरी आली. धूळ उडत होती, ऊन उतरत होतं. एक मुलगी दमून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा मॅडम तिच्या हाताच्या अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ये की."

मुलीनं झडप घातली. मॅडम तिथं नव्हत्या.

अंधारायला आलं तेव्हा न विचारताच मी गाडी सुरू केली. त्या अजून पळत होत्या.